घेणारे किती? न्यूयॉर्कमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्या सर्व मराठी मंडळींना, आणि त्यातही गणपती-संक्रांतीचे कार्यक्रम अंगावर घेणाऱ्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी बाजारात एका शेतकरीणबाईंनी मला दोन शब्दांचा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहते. आपल्यापैकी बहुतेकांना हा भाग 74व्या रस्त्यामुळे माहीत आहे. न्यू जर्सीला जाणं जमलं नाही की पोहे, गूळ, कढीपत्ता, तूरडाळ घ्यायला आपण 7 नंबरची गाडी पकडून तिथे येतो, पिशव्या भरतो आणि परत जातो. तिथून जेमतेम दहा मिनिटं चालत गेलं की 34वी अ‍ॅव्हेन्यू लागते. तिथे ट्रॅव्हर्स पार्कच्या कडेला दर रविवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. उन्हाळ्यात भरतो, बर्फातही भरतो. मी या भागात राहायला आल्यावर पहिली तीन वर्षं त्या बाजारावरून नुसती जात-येत होते. आपलं तिथे काय मिळणार, असं वाटायचं. केल, ॲस्पॅरॅगस, कसले कसले चीजचे गोळे. आपल्या भाज्या आपल्या दुकानात, हे डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

मग एका ऑगस्टमध्ये पाय थबकला. कोपऱ्यातल्या एका टेबलावर ओल्या गोणपाटावर जुड्या रचून ठेवल्या होत्या. लालसर, जाडसर देठ, बोटाच्या नखाएवढी मांसल पानं, मुळांना अजून माती चिकटलेली. मी एक पान तोडून जिभेवर ठेवलं. आंबट, किंचित बुळबुळीत. घोळ! माझ्या आजीच्या परसात पावसाळ्यात आपोआप उगवायची ती घोळ. पाटीवर लिहिलं होतं ‘वेर्दोलागास’. टेबलामागच्या बाई मूळच्या मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या. त्यांच्याकडे ही भाजी टोमॅटिलो नावाच्या आंबट हिरव्या फळाच्या रश्शात डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. मी त्यांना सांगितलं, आम्ही ताक आणि डाळीचं पीठ लावून करतो, वरून लसणीची फोडणी. त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक जुडी पिशवीत टाकली, पैसे न घेता.

त्या दिवसापासून मी तो बाजार नीट बघायला लागले. जूनमध्ये त्याच बाईंकडे चाकवत येतो. त्यांच्यासाठी तो ‘केलिते’, इथल्या शेतकऱ्यांसाठी तण. शेपू तर जवळजवळ प्रत्येक टेबलावर असतो. मात्र तो माशावर भुरभुरण्यापुरता विकला जातो, म्हणून जुडी बारीक, आणि आपल्या भाजीला चार जुड्या लागतात. ब्रुकलिनमध्ये कॅरिबियन वस्तीजवळच्या बाजारांत ‘कॅलालू’ नावानं जे विकतात तो बहुतेक वेळा माठच असतो. मेक्सिकन मंडळी त्याच कुळातल्या भाजीला ‘किंतोनिल’ म्हणतात आणि माझ्या शेजारच्या बांगलादेशी काकू त्याला शाक म्हणतात. एकाच टेबलाशी तीन भाषांतल्या बायका एकाच भाजीसाठी हात पुढे करतात, हे मी दर उन्हाळ्यात बघते.

आता हा बाजार मुळात काय आहे ते थोडं सांगते, कारण बरेच जण त्याला हौशी लोकांची महागडी जत्रा समजतात. 1976च्या जुलैमध्ये बॅरी बेनेपी आणि बॉब लुईस या दोघांनी मॅनहॅटनमध्ये 59वा रस्ता आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या एका मोकळ्या जागेत पहिला बाजार भरवला. बेनेपी हे वास्तुरचनाकार आणि नगरनियोजक. शहराच्या आसपासची शेतं एकामागून एक विकली जात होती, कारण छोट्या शेतकऱ्याला घाऊक बाजारात भाव मिळत नव्हता. आणि त्याच वेळी शहरातली माणसं देशाच्या दुसऱ्या टोकाहून आलेली कडक, बेचव फळं खात होती. या दोघांनी शेतकऱ्याचा ट्रक सरळ रस्त्यावर आणून उभा केला. पहिल्या दिवशी मोजकेच शेतकरी होते. त्याच वर्षी युनियन स्क्वेअरचा बाजार सुरू झाला. त्या काळी संध्याकाळी तिथून जायला लोक घाबरायचे. आज तिथे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे आठवड्यातले चार दिवस बाजार भरतो आणि भर हंगामात पाय ठेवायला जागा नसते. ‘ग्रीनमार्केट’ या नावाचे हे बाजार आता ‘ग्रो एनवायसी’ ही संस्था चालवते.

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे जो विकतो त्यानंच पिकवलेलं असलं पाहिजे. घाऊक बाजारातून पेट्या उचलून इथे मांडता येत नाहीत. संस्थेचे तपासनीस शेतावर जाऊन बघतात की टेबलावर जे आहे ते खरोखर त्या मातीत आहे का. शेतं कुठवर असावीत याचीही हद्द ठरलेली आहे. शहराच्या दक्षिणेला 120 मैल, पूर्व-पश्चिमेला 170 मैल आणि उत्तरेला 250 मैल. म्हणून इथे केळं दिसणार नाही, लिंबू दिसणार नाही, आंबा तर सोडाच. मार्चमध्ये टोमॅटो मागितला तर नाही म्हणून सांगतात. फार तर काचघरातला मिळेल. हा नियम पहिल्यांदा जाचक वाटतो. पण माझ्या दृष्टीनं बाजाराचा जीव त्यातच आहे. समोर उभी असलेली व्यक्ती त्या भाजीबद्दल काहीही सांगू शकते, कारण ती तिनं लावलेली असते.

आणि आपल्यासाठी या नियमाचा अर्थ फार मोठा आहे. जो पिकवतो तोच समोर उभा आहे, म्हणजे त्याच्याकडे मागता येतं. दुकानात तुम्ही गल्ल्यावरच्या मुलाला सांगून बघा की अंबाडी कोवळी हवी. तो काय करणार बिचारा? पेटी येते तशी येते. इथे मात्र मागणी सरळ शेतापर्यंत जाते. मेक्सिकन शेतकऱ्यांनी पापालो नावाची उग्र वासाची पानं लावली ती त्यांच्या गिऱ्हाइकांनी मागितली म्हणून. 2000 साली या संस्थेनं, मायदेशी शेती केलेल्या पण इथे हॉटेलांत किंवा बांधकामावर राबणाऱ्या स्थलांतरितांना जमीन, प्रशिक्षण आणि बाजारात जागा मिळवून द्यायला सुरुवात केली. त्यातून काही कुटुंबं पुन्हा शेतकरी झाली. त्यांच्या टेबलांवर त्यांच्या गावची भाजी दिसते, कारण ती घेणारे लोक रांगेत उभे असतात. आपण त्या रांगेत नसतो.

मला माहीत आहे, पहिलं वाक्य येणार ते भावाचं. खरं आहे, अंडी महाग आहेत, टोमॅटो जुलैच्या सुरुवातीला तर फारच. माझ्या घरात दोन पगार नाहीत, मीही हिशेब करूनच घेते. पण सप्टेंबरमध्ये टोमॅटोचा ढीग लागतो तेव्हा चटणीसाठी फुटके, डागी टोमॅटो निम्म्या भावात मिळतात. ऑगस्टमधला मका, ऑक्टोबरमधली सफरचंदं आणि भोपळे दुकानाच्या आसपासच पडतात. पालेभाजीचं म्हणाल तर मागे एका दुकानातून मेथीच्या चार जुड्या आणल्या, घरी येऊन सोडल्या तर आतून काळ्या, चिकट. निम्मी मेथी कचऱ्यात गेली. बाजारातली जुडी पहाटे किंवा आदल्या संध्याकाळी कापलेली असते, ती ओल्या फडक्यात आठवडाभर तग धरते. अमेरिकी कृषी खात्याच्या हिशेबाप्रमाणे लोक अन्नावर जो डॉलर खर्च करतात त्यातले साधारण 15 सेंट शेतकऱ्याकडे जातात. बाकीचे वाहतूक, पॅकिंग, दुकान, हॉटेल यांच्यात वाटले जातात. बाजारात तो सगळा डॉलर शेतकऱ्याच्या हातात पडतो. त्यातून तो ट्रकचं पेट्रोल, पुलाचा टोल, जागेचं भाडं आणि मजुरी भागवतो, हेही खरंच. पण आपला डॉलर कुठे जातो ते तरी कळतं.

ज्यांच्या घरी सरकारी अन्नसाहाय्याचं कार्ड आहे त्यांनी संकोच करू नये. बाजाराच्या तंबूत ते कार्ड चालतं, आणि कार्डावर खर्च केलेल्या दर दोन डॉलरमागे भाजी-फळांसाठी दोन डॉलरचं ‘हेल्थ बक्स’चं कुपन मिळतं, दिवसाला दहा डॉलरपर्यंत. शहराच्या आरोग्य खात्याची ही योजना आहे. शेजारीपाजारी कुणाला उपयोग होणार असेल तर अवश्य सांगा.

जॅक्सन हाइट्स सगळ्यांना जवळ नाही, ते मी समजते. पण तुम्ही कुठेही राहत असलात तरी चालत जाण्याच्या किंवा चार-दोन स्टेशनांच्या अंतरावर कुठला ना कुठला बाजार आहेच. कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांनो, तुमच्या दारात ब्रॉडवेवर गुरुवारी आणि रविवारी बाजार भरतो. वसतिगृहात स्वयंपाकघर असेल तर रात्रीच्या पिझ्झ्याऐवजी एकदा तिथल्या बटाट्यांचा रस्सा करून बघा. वॉल स्ट्रीटच्या बाजूला नोकरी करणाऱ्यांसाठी बोलिंग ग्रीनला मंगळवारी आणि गुरुवारी. सनीसाइडला स्किलमन अ‍ॅव्हेन्यूवर शनिवारी. ब्रुकलिनमध्ये प्रॉस्पेक्ट पार्कच्या तोंडाशी ग्रँड आर्मी प्लाझाला शनिवारचा बाजार युनियन स्क्वेअरच्या तोडीस तोड, पण माणसं जास्त निवांत. मॅनहॅटनच्या अगदी वरच्या टोकाला इनवुडमध्ये आयशम रस्त्यावरचा शनिवारचा बाजार माझा फार लाडका. छोटासा आहे, शेजारी टेकडीवरचं रान आहे, आणि भर थंडीतही लोक एकमेकांना नावानं हाक मारतात. युनियन स्क्वेअरला एकदा जरूर जा, डोळे भरून बघा. पण नेहमीचा बाजार म्हणून आपल्या वस्तीतलाच धरा. मोठ्या बाजारात गिऱ्हाइकांना तोटा नाही. वस्तीतल्या बाजारात चार घरं वाढली तरी शेतकऱ्याला फरक पडतो, आणि तिसऱ्या आठवड्याला तो तुम्हाला ओळखायला लागतो.

एक विनंती मात्र आधीच करते. भेंडीचं टोक मोडून बघायची आपली सवय तिथे घरी ठेवून जा. मोडलेली भेंडी त्यांना विकता येत नाही. कोवळी आहे का, असं विचारलं की तेच निवडून देतात. आणि घासाघीस करू नका. बाजार उठायच्या वेळेला गेलात तर उरलेला माल ते स्वतःहून स्वस्तात देतात.

गेल्या वर्षीच्या ऋषिपंचमीची गोष्ट सांगते. आमच्याकडे त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, ही रीत आई कडक पाळायची. मी इथे ती सोडून दिली होती, कारण ऋषीच्या भाजीला लागणाऱ्या पंधरा जिनसा कुठून गोळा करणार? त्या रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन बाजारात गेले आणि मनात यादी म्हणत टेबलांवरून फिरले. मक्याची कणसं मिळाली. लाल भोपळ्याऐवजी पिवळ्या गराचा बटरनट मिळाला. भेंडी, घोळ, माठ, काकडी, श्रावणघेवड्यासारख्या शेंगा, कोवळ्या भुईमुगाऐवजी ताजी सोललेली, पावट्याच्या चुलतकुळातली बी, हिरव्या मिरच्या. फक्त अळू, सुरण आणि चिंच 74व्या रस्त्यावरून आणली. संध्याकाळी मोठ्या पातेल्यात सगळं एकत्र शिजायला लागलं, कणसाचे तुकडे वर आले, आणि खोबरं घातल्यावर जो वास सुटला त्यानं मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसावं लागलं. ती भाजी मुळात जवळपास जे उगवतं त्याचीच आहे. दूरदेशीहून विमानानं आणलेल्या गोठवलेल्या पाकिटांपेक्षा ती 34व्या अ‍ॅव्हेन्यूवर जास्त खरी झाली, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगते. गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरात. हा इथल्या बाजाराचा सगळ्यात भरलेला काळ. दीडशे-दोनशे पानांचा स्वयंपाक करताना आपण सगळी भाजी गोठवलेली आणतो. दोन आठवडे आधी एखाद्या शेतकऱ्याशी बोलून ठेवलं तर भोपळे, मका, काकड्या, कोथिंबीर तो पेट्यांनी आणून देईल. निदान एका भाजीपासून सुरुवात करून बघा.

आता त्या प्रश्नाकडे येते.

गेल्या रविवारी मी पुएब्लाच्या त्या बाईंना फोनवर अंबाडीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बघितलं आणि एकदम म्हणाल्या, “हामाइका!” मेक्सिकोत लाल अंबाडीच्या बोंडांचं थंडगार सरबत करतात, ते त्यांच्या लहानपणापासूनचं. बोंडं मात्र इथे धरत नाहीत, त्यांनी एकदा लावून पाहिलं होतं. दिवस लहान झाल्याशिवाय झाड फुलत नाही, आणि ते फुलायच्या सुमाराला इथे दहिवर पडून सगळं करपतं. मी म्हटलं, बोंडं नकोतच, आम्ही पानं खातो. त्यांना खरं वाटेना. मी सांगितलं कशी करतो ते: पानं उकडून, पाणी काढून, त्यात तांदळाच्या कण्या आणि डाळ, वरून तेलात भरपूर लसूण, आणि सोबत ज्वारीची भाकरी. त्या ऐकत होत्या. पानंच हवी असतील तर इथला उन्हाळा पुरतो, हे त्यांच्या माझ्याआधी लक्षात आलं. जूनमध्ये पेरलं की जुलैअखेर खुडणी, आणि खुडलं की पुन्हा फुटवे. त्यांनी खिशातली छोटी वही काढली, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि मान वर करून विचारलं:

“घेणारे किती?”

मी एकटी घेऊन घेऊन किती घेणार? आठवड्याला दोन जुड्या. दोन जुड्यांसाठी कुणी वाफा घालत नाही. त्यांची जमीन थोडी, ती भाड्याची, आणि प्रत्येक वाफ्यात काय लावायचं याचा हिशेब असतो. घोळीच्या जागी अंबाडी लावली आणि ती पडून राहिली तर तो आठवडा गेला. मी एवढंच म्हणाले की विचारून सांगते.

त्यांचं टेबल थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणापर्यंत असतं. मग थेट जून. मधल्या काळात बी मागवलं जातं, बहुतेक जानेवारीत. इथले शेतकरी पुढच्या वर्षीचं सगळं थंडीतच ठरवतात. म्हणून थंडीत बाजारात जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. जानेवारीत 34व्या अ‍ॅव्हेन्यूवर पाच-सहाच तंबू असतात. सफरचंदांच्या पेट्यांवर ती गोठू नयेत म्हणून जाड चादरी घातलेल्या असतात, आणि हवं ते सांगितलं की विकणारा मुलगा चादर उचलून हात आत घालतो. बटाटे, गाजरं, बीट, कोबी, कांदे, दूध, अंडी, मासे एवढं असतं. गिऱ्हाइकं कमी, म्हणून बोलायला वेळ असतो. पुढच्या उन्हाळ्यात काय लावणार, असं विचारलं की ते आपल्याला विचारतात, तुम्हाला काय हवंय? जुलैच्या गर्दीत हा संवाद होत नाही. उन्हाळ्यात येऊन स्ट्रॉबेरी घेणारे हजार असतात. जानेवारीत बोटं बधिर होत असताना कांदे घ्यायला येणारा त्यांच्या लक्षात राहतो.

तर माझी मागणी ही. थँक्सगिव्हिंगच्या आधी दोन रविवार उरले आहेत. क्वीन्समध्ये राहणाऱ्या ज्या घरांना पुढच्या उन्हाळ्यात आठवड्याला एक जुडी अंबाडी चालेल, त्यांनी यातल्या एका रविवारी बाजारात यावं आणि त्या बाईंना स्वतः सांगावं. स्पॅनिश येत नसलं तरी चालेल. फोटो दाखवा, बोटं दाखवा, नाव लिहून द्या. पंचवीस घरं झाली तर एक वाफा होतो, असा माझा अंदाज आहे. ब्रुकलिन, मॅनहॅटन, ब्राँक्सच्या मंडळींनी आपापल्या बाजारात एक शेतकरी गाठावा आणि एक भाजी मागावी. कुणाला मेथी हवी असेल, कुणाला करडई, कुणाला हरभऱ्याचा पाला. पण ज्यानं मागितलं त्यानं ती आल्यावर घेतलीच पाहिजे. शेतकऱ्याला एकदा तोंडघशी पाडलं तर पुन्हा तो आपलं ऐकणार नाही.

मी दोन्ही रविवारी सकाळी आठपासून तिथे आहे, पार्कच्या फाटकाजवळ, निळी कापडी पिशवी घेऊन. पोरांना घेऊन आलात तर चांगलंच, 34वी अ‍ॅव्हेन्यू सव्वीस गल्ल्यांपर्यंत गाड्यांना बंद असते, त्यांना खेळता येईल. दुसऱ्या रविवारी दुपारी बाई तंबू उतरवायला लागतील त्याआधी मला त्यांच्या वहीत आकडा लिहायचा आहे.

आपली,
जॅक्सन हाइट्सची एक रहिवासी